सरहद्द आणि मोटारीचा दिवा

सोयगाव हे अजिंठ्याच्या डोंगराखालचे तालुक्याचे गाव. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात मोडतात. आज हा तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सोयगावाहून उत्तरेला शेंदुर्णी-पाचोऱ्याकडे निघाले, की लागलेच खानदेश सुरू होई आणि तिथे अंमल इंग्रजांचा. तेव्हा बाजाराला जा, नाहीतर सोयरीक पाहायला जा, मधे एक सरहद्द ओलांडणे आलेच.

या सरहद्दीवर काय काय बदले? पहिली गोष्ट पैसा. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार; आणि सुमारे सात हाली रुपये द्यावेत तेव्हा सहा कलदार हाती पडत. कचेरीतली भाषा बदले. इकडे दफ्तर उर्दूत. मधे करोडगिरीचे नाके असे, तिथे माल दाखवून जकात द्यावी लागे. कायदा निराळा, तिकिटे निराळी. पण श्रोतेहो, एक गोष्ट मात्र नाक्याच्या दोन्ही अंगांना सारखी होती, आणि ती सारखी असल्यामुळेच तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ती म्हणजे गाडी हाकण्याची बाजू. इकडे डावी, तिकडेही डावी. निजाम सरकारने १९३२ साली आपल्या रेल्वेखात्याच्या देखरेखीखाली २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली. त्या गाड्याही डाव्या बाजूनेच धावल्या.

आता तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? आहे. ते समजण्यासाठी आधी मोटारीच्या पुढच्या दिव्याकडे नीट पाहू या.

अजिंठ्याच्या लेण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी बाहेरचे ऊन आरशावर घेऊन आतल्या भिंतीवर पाडीत आणि मग चित्र दिसे. मोटारीच्या दिव्याचे मूळ तत्त्व तेच. दिव्यामागे खोलगट आरसा असतो. तो उजेड गोळा करून पुढे फेकतो. पूर्वीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडवर पाणी ठिबकले की गॅस निघतो, तो पेटवायचा. जत्रेतल्या दुकानांवर असले दिवे अनेकांनी पाहिले असतील. पुढे विजेचे दिवे आले, उजेड वाढला आणि एक नवीनच संकट उभे राहिले. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू लागले! ज्या दिव्याने आपल्याला दिसायचे, त्याच दिव्याने दुसरा आंधळा व्हायचा.

यावर तोड म्हणून १९२४-२५ च्या सुमारास एकाच बल्बमध्ये दोन तारा घालण्याची युक्ती निघाली. एक तार लांबच्या झोतासाठी, दुसरी खाली वाकवलेल्या झोतासाठी. आपले ड्रायव्हर त्याला अप्पर आणि डिपर म्हणतात. इंग्लंडमध्ये त्या काळात आणखी एक पद्धत होती. समोरून गाडी आली की रस्त्याच्या मधल्या बाजूचा दिवा पार विझायचा आणि कडेचा दिवा खाली व डावीकडे वळायचा. पुढे १९५७ च्या सुमारास युरोपात जो डिपर रूढ झाला, तो मुद्दाम लंगडा केलेला आहे. लंगडा म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा नव्हे. डावीकडून गाडी हाकणाऱ्या देशासाठी बनवलेल्या दिव्यात उजवीकडचा उजेड खालीच दाबून धरलेला असतो, कारण समोरचा माणूस तिकडून येतो. डावीकडचा उजेड मात्र सुमारे १५ अंशांच्या चढाने वर जातो, म्हणजे कडेचा पादचारी, उभी बैलगाडी, मैलाचा दगड लांबूनच दिसावा. शिक्षकांनी हे वर्गात दाखवायचे असेल, तर संध्याकाळी एखादी मोटार भिंतीसमोर सपाट जागी उभी करून डिपर लावावा. बहुतेक गाड्यांच्या उजेडाची वरची कड भिंतीवर एका बाजूला आडवी आणि दुसऱ्या बाजूला चढती दिसेल. मुलांनी ती खडूने आखून कोन मोजावा.

हीच गाडी उजवीकडून चालणाऱ्या देशात नेली म्हणजे काय होते? ड्रायव्हर उजव्या कडेने जातो, समोरचा माणूस डावीकडून येतो, आणि दिव्याचा तो चढता उजेड नेमका त्याच्या डोळ्यांत शिरतो. आपली कड मात्र अंधारात राहते. दिवा बिघडलेला नसतो; सरहद्दीने त्याला उलटा केलेला असतो.

यावर उपाय फार जुना आणि साधा आहे. काचेच्या ज्या भागातून तो चढता उजेड निघतो, तेवढ्यावर अपारदर्शक पट्टी चिकटवायची, किंवा उजेड वळवणारी रेघांची पारदर्शक चकती लावायची. इंग्लंडमध्ये राहणारी आपली मराठी कुटुंबे मोटार घेऊन फ्रान्सला जातात, तेव्हा त्यांनाही हे करावे लागते. काही गाड्यांत दिव्यामागे छोटी खिटी असते, ती सरकवली की चढता उजेड सपाट होतो. अगदी नव्या गाड्यांत हे काम पडद्यावर बोट लावून होते. पट्टी कोठे लावायची हे मात्र गाडीच्या पुस्तकात पाहून ठरवावे. अंदाजाने लावलेली पट्टी नको तो उजेड अडवते आणि नको तोच सोडते. आपल्याकडेही पूर्वी दिव्याच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग देत. त्याचा हेतूही समोरच्याचे डोळे वाचवण्याचाच, फक्त तऱ्हा जरा अडाणी.

आता इतिहासाकडे वळतो. बाजू कोणती धरायची हे राज्याच्या निशाणावर ठरते, असे आपल्याला वाटते. गोव्याचे उदाहरण पाहा. पोर्तुगालमध्ये पूर्वी वाहने डावीकडून चालत. १९२८ च्या जूनमध्ये पोर्तुगालने बाजू बदलून उजवी धरली. गोवा तर पोर्तुगालच्याच ताब्यात. पण गोवा बदलला नाही, डावीकडेच राहिला! मकाव आणि मोझांबिकही तसेच राहिले. कारण उघड आहे. गोव्याचा रस्ता लिस्बनला जात नव्हता, तो बांद्याला आणि सावंतवाडीला जात होता. लिस्बनचे ऐकले असते, तर पत्रादेवीच्या सरहद्दीवर प्रत्येक गाडीला बाजू बदलावी लागली असती. १९५५ साली याच पत्रादेवीवर गोवा मुक्तीसाठी आलेल्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, माणसे मेली. राज्याराज्यांत एवढे वैर होते, पण रस्त्याची बाजू दोन्हीकडे एकच होती. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तेव्हा कितीतरी गोष्टी बदलाव्या लागल्या. ही एक बदलावी लागली नाही.

स्वीडनची कहाणी याच्या उलट. हा देश डावीकडून चालणारा, पण शेजारी नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडून चालणारे. गंमत अशी की स्वीडनमधल्या बहुतेक मोटारींचे चाक पूर्वीपासूनच डावीकडे होते. १९५५ साली लोकांचे मत घेतले, तर शंभरातल्या ८३ जणांनी बदल नको म्हणून सांगितले. तरी १९६३ साली तिथल्या संसदेने बदलाचा ठराव केला आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सारा देश डावीकडून उजवीकडे सरकला. लोकमत बाजूला सारणे कितपत बरे, हा वाद वेगळा; मला तरी ते खटकते. पण घाई करण्याचे एक कारण आपल्या विषयातले आहे. प्रत्येक मोटारीचे पुढचे दिवे बदलावे लागणार होते. तेव्हा बहुतेक गाड्यांना एकाच मापाचे, गोल आणि स्वस्त दिवे असत. पुढे प्रत्येक गाडीचा दिवा निराळ्या घाटाचा आणि महाग होणार, ही चिन्हे दिसू लागली होती. आणखी थांबावे, तर खर्च फुगणार. एका देशाने दिव्याच्या किमतीकडे पाहून मुहूर्त धरला म्हणा ना!

आपल्या देशाभोवती पाहिले तर नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका हे सारे डावीकडचे. पण मणिपुरात मोरे गावाची वेस ओलांडून म्यानमारमधल्या तामूला गेले, की बाजू बदलते. ब्रह्मदेश इंग्रजांच्या वेळी डावीकडूनच चाले. १९७० साली त्याने उजवी बाजू धरली. रस्ता बदलला, तरी गाड्या कितीतरी वर्षे जपानहून वापरून आलेल्या, उजवीकडे चाक असलेल्याच राहिल्या. पश्चिमेला पाकिस्तान संपून अफगाणिस्तान लागते, तिथे तोरखमला असाच बदल होतो. मुंबई-पुण्याकडून युरोपात मोटारीने जाणाऱ्यांना यांपैकी एखाद्या नाक्यावर, नाहीतर चीनच्या हद्दीत शिरताना, दिव्याचा विचार करावाच लागतो.

आणि परत येताना ती पट्टी आठवणीने सोलून काढावी. नाहीतर फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढताना डाव्या कडेवर उजेड कमी पडतो, आणि रात्री बैलगाडी त्याच कडेने चाललेली असते, पुष्कळदा कंदिलावाचून.