गिऱ्हाईक नावाचा परीक्षक

मुंबईकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प-अहवालाला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. काळी बांधणी, वर सोनेरी अक्षरे, आत प्रमाणपत्र, ऋणनिर्देश आणि साठ-सत्तर पाने. तोंडी परीक्षा झाली की ही पुस्तके कपाटात जातात आणि कपाट भरले की रद्दीत. पंचवीस वर्षे मी अशा पुस्तकांवर सह्या केल्या. एकदा एका मुलाने पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारे यंत्र करून आणले होते. यंत्र उत्तम चालत होते. मी सहज विचारले, “हे कोणासाठी केलंस?” तो गोंधळला आणि म्हणाला, “परीक्षेसाठी, सर.”

त्याचे उत्तर खरे होते. चुकला असेल तर माझा प्रश्न. आम्ही त्याला दुसरे कोणी गिऱ्हाईक दिलेच नव्हते. विद्यार्थ्याने केलेली वस्तू कोणाला तरी खरोखर हवी असावी, ही कल्पना मात्र नवी नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात ती दोनदा हरलेली आहे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचे कारखान्यांचे गाव. टिनाची भांडी करून विकणाऱ्या जॉन बॉइंटन यांनी 1865मध्ये एक लाख डॉलर देऊन तिथे तंत्रशिक्षणाची संस्था काढली. तारेचे कारखानदार इकाबोड वॉशबर्न यांनी तिला कार्यशाळा बांधून दिली. 1868मध्ये दोन्ही इमारती उभ्या राहिल्या: एकीत वर्ग, दुसरीत यंत्रे. पुढे ही संस्था वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या दोन इमारतींचे दोन मनोरे आजही विद्या आणि हुन्नर यांची खूण म्हणून दाखवले जातात.

वॉशबर्न यांची कार्यशाळा हा खराखुरा कारखाना होता. पगारी कारागीर आणि विद्यार्थी शेजारी शेजारी उभे राहून काम करत आणि माल बाजारात विकला जाई. कार्यशाळेचे प्रमुख मिल्टन हिगिन्स यांच्या काळात तिथे नकाशे काढायची मेजे बनत, पुढे पाण्याच्या दाबावर चालणारे उद्वाहकही बनू लागले. मेजाचा पाय डुगडुगला तर गिऱ्हाईक ते परत पाठवील, ही भीती विद्यार्थ्याला गुणपत्रिकेपेक्षा जास्त शिकवते, असा त्यामागचा विश्वास होता.

याला विरोध दुसऱ्या टोकाकडून झाला. मॉस्कोच्या शाही तंत्रशाळेचे संचालक व्हिक्टर देल्ला-वोस यांनी कारागिरीचे तुकडे पाडले. आधी कानस चालवणे, मग सांधा जोडणे, मग कातकाम. प्रत्येकासाठी ठरावीक नमुने, सोप्याकडून अवघडाकडे. ही शिक्षणाची कार्यशाळा. ती पार केलेल्या विद्यार्थ्यालाच पुढच्या, खऱ्या मागण्या पुऱ्या करणाऱ्या कार्यशाळेत प्रवेश. 1876मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले. बोस्टनच्या एम.आय.टी.चे अध्यक्ष जॉन रंकल ते पाहून भारावले आणि त्याच वर्षी त्यांनी ही पद्धत स्वीकारली. पण स्वीकारली ती अर्धीच. शिक्षणाची कार्यशाळा घेतली, मागण्या पुऱ्या करणारी मॉस्कोतच राहिली.

रंकल यांची बाजू लंगडी नव्हती. कारखान्याला नफा हवा असतो. ज्या मुलाला खिळे ठोकता येतात त्याला वर्षभर खिळेच ठोकायला लावणे कारखान्याला परवडते, शाळेला परवडत नाही. शिवाय नमुन्यांवर एकाच वेळी तीस मुले शिकवता येतात, त्यांना एकाच मापाने गुण देता येतात आणि खर्च कमी येतो. हाच मार्ग जगभर पसरला. आपल्याकडच्या तंत्रशाळेत ज्याने लोखंडाचा चौकोनी तुकडा आठवडाभर कानशीने घासून काटकोनात आणला असेल, त्याने नकळत मॉस्कोचाच धडा गिरवला आहे. तो तुकडा शेवटी भंगारात जातो. गिऱ्हाइकाची ही पहिली हार.

या वादाचे वारे महाराष्ट्रापासून फार दूर नव्हते. पुण्यात 1854 साली निघालेल्या इंजिनिअरिंग क्लासचे गिऱ्हाईक ठरलेले होते: सरकारचे बांधकाम खाते. रस्ते, पूल, कालवे यांसाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा त्या शाळेचा हेतू. लोकांसाठी तंत्रशिक्षण हवे असणाऱ्यांना ते पुरेसे वाटेना. 1882मध्ये पुण्याचे केशव मल्हार भट थेट एम.आय.टी.त शिकायला गेले. स्वदेशीच्या लाटेत अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली आणि त्या पैशातून 1908मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे प्रमुख होते. तळेगावचा हा प्रयोग कारखानाही होता आणि शाळाही. शिकाऊ मुलाने फुंकलेली चिमणी तडकली, तर ती विकली जात नसे. वेगळा परीक्षक लागत नसे. वूस्टरचे तत्त्व मावळात आपल्याच गरजेतून उगवले होते.

दुसरी हार विसाव्या शतकाच्या मध्यावर झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या रडार आणि अणुशक्तीच्या कामाने दाखवून दिले की, अभियंत्याला हातापेक्षा भौतिकशास्त्र आणि गणित जास्त हवे. एल. ई. ग्रिंटर यांच्या समितीने 1955मध्ये अमेरिकेतल्या अभियांत्रिकी शिक्षणाला नेमकी हीच दिशा दिली. कार्यशाळा आणि नकाशे मागे पडले, समीकरणे पुढे आली. पदवीधर हुशार झाले. पण ‘हे यंत्र कोण वापरणार’ हा प्रश्न अभ्यासक्रमातून गेला.

त्यावरची पहिली ठोस प्रतिक्रिया कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट गावी उमटली. हार्वी मड कॉलेजात जॅक आल्फर्ड आणि मॅक गिल्केसन या प्राध्यापकांनी 1963मध्ये ‘क्लिनिक’ सुरू केले. नाव वैद्यकीय शिक्षणातून घेतलेले. भावी डॉक्टर खऱ्या रोग्यावर शिकतो, तर भावी अभियंत्याने खऱ्या अडचणीवर का शिकू नये? चार-पाच विद्यार्थ्यांचा गट, एक प्राध्यापक, कंपनीचा एक प्रतिनिधी आणि एक खरे काम. कंपनीने या कामाचे पैसे मोजायचे. पैसे मोजणारा माणूस बैठकीला वेळेवर येतो आणि नेमके प्रश्न विचारतो. 1970मध्ये खुद्द वूस्टरनेही आपला अभ्यासक्रम मोडून प्रकल्पांभोवती नव्याने बांधला. पुढे तिथले विद्यार्थी व्हेनिसच्या कालव्यांची मोजमापे करायला इटलीपर्यंत जाऊ लागले.

पण गिऱ्हाईक गरीब असेल तर? हा प्रश्न इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात 1995मध्ये एडवर्ड कॉइल आणि लिआ जेमिसन यांनी हाती घेतला. त्यांचे विद्यार्थी गावातल्या सेवाभावी संस्थांसाठी काम करू लागले: अपंग मुलांना हाताळता येतील अशी खेळणी, बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नोंदी ठेवण्याची व्यवस्था. पण त्यांचा खरा शोध वेळापत्रकातला होता. एका गटात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी एकत्र ठेवले. जुने बाहेर पडतात, मधले पुढे सरकतात, नवे आत येतात. गट मात्र टिकतो आणि गिऱ्हाईक वाऱ्यावर पडत नाही.

या शोधाची किंमत मला फार उशिरा कळली. टाकीवाल्या मुलाच्या उत्तरानंतर मी हट्टाने चार विद्यार्थ्यांना एका ग्रामपंचायतीकडे नेले. पाणीपट्टीची वही त्यांनी संगणकावर आणली. ग्रामसेवक खूश, सरपंचबाईंनी मुलांना नारळ दिले. मे महिन्यात परीक्षा झाली, मुले नोकरीला लागली. दिवाळीत मी त्या गावी गेलो तेव्हा संगणकावर फडके टाकलेले होते आणि पाणीपट्टी पुन्हा वहीत लिहिली जात होती. जूनमध्ये एक किरकोळ बिघाड झाला होता. “फोन कोणाला करायचा ते कळेना, सर,” ग्रामसेवक म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागले. आम्हाला प्रकल्प मिळाला, गुण मिळाले. गावाला काय मिळाले? खऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचे तर निकालाच्या दिवशी काम संपत नाही, हे मी मुलांना शिकवले नव्हते, कारण ते मलाच ठाऊक नव्हते.

महाराष्ट्रात या दिशेने विचार झालेला आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचे केंद्र 1985पासून आहे. तिथले प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि त्यांचे विद्यार्थी कर्जत-शहापूरकडच्या नळपाणी योजना प्रत्यक्ष पाहून, विहिरी आणि पाइप मोजून अभ्यासत आले. 2016मध्ये राज्य सरकारने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ काढून हीच पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत न्यायचे ठरवले. त्यामागची कल्पना साधी आहे: तालुक्याची पाणीयोजना का बंद पडते, हा त्या तालुक्यातल्या महाविद्यालयाचा अभ्यासाचा विषय असायला हवा.

इतिहास सांगतो की, गिऱ्हाईक दोन्ही वेळा हरले ते सोयीपुढे. तीस मुलांना एकच नमुना देणे सोपे, एकच समीकरण देणे त्याहून सोपे. खरे काम वेळापत्रकात बसत नाही, अर्धवट राहते आणि शिक्षकाचे अज्ञान उघडे पाडते. तरीही ते करावे, असे मी म्हणतो. फक्त अहवालाच्या शेवटी एक पान वाढवावे. त्यावर पुढच्या वर्षी हे काम सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे असावीत आणि त्याखाली गिऱ्हाइकाची सही असावी. ही सही निकालाच्या दिवशी घेऊ नये. त्यानंतरच्या दिवाळीत घ्यावी.