बॉकचा कडवटपणा : एका बिअरची सहाशे वर्षांची परीक्षा

१/१८
बिअरच्या स्पर्धेत परीक्षकांसमोर एक पेला येतो. रंग तांबूस, फेस दाट. पात्रावरच्या चिठ्ठीत वर्ग लिहिलेला : ‘बॉक’. नाकाजवळ नेताच भाजलेल्या पावाचा खरपूस वास अपेक्षित असतो. येतो मात्र संत्र्याच्या सालीचा आणि फुलांचा. घोट गोड सुरू होऊन कडू संपतो. अशा वेळी गुणपत्रिकेवर हमखास दोन वाक्ये उमटतात : ‘बिअर उत्तम आहे’ आणि ‘पण ही बॉक नव्हे’. या दुसऱ्या वाक्यामागे सहाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो या निर्णयाला सरळ होकार देत नाही. (थ्रेड)

२/१८
आधी बॉक म्हणजे काय, ते पाहू. जव भिजवून, मोड आणून, वाळवून किंवा भाजून माल्ट तयार होते. ते गरम पाण्यात मुरवले की गोड रस सुटतो. हा रस आंबला की बिअर. जर्मन नियमानुसार बॉक म्हणवून घेण्यासाठी आंबण्यापूर्वीच्या रसात साखर व इतर विरघळलेले घटक किमान १६ टक्के असावे लागतात. रस दाट, म्हणून बिअर कडक : मद्यार्काचे प्रमाण साधारण साडेसहा ते सात टक्के. आजच्या रूढ समजुतीत बॉक म्हणजे माल्टचे राज्य. हॉप्सने तेथे आवाज चढवायचा नसतो.

३/१८
हॉप ही भांगेच्या कुळातील वेल. तिच्या मादी वेलींना शंकूसारखे हिरवे फुलोरे लागतात आणि त्यांच्या पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी, चिकट भुकटी असते. गोड रसात ती उकळली की कडवटपणा उतरतो. फार वेळ उकळली तर सुगंध मात्र उडून जातो. तिचे आणखी एक काम चवीपेक्षाही महत्त्वाचे : बिअर आंबट करून नासवणाऱ्या जिवाणूंना ती रोखते. हे जिवाणू दही लावणाऱ्या जिवाणूंचेच भाऊबंद. हॉप्सचा पहिला मान चवीसाठी नव्हता, टिकाऊपणासाठी होता.

४/१८
हा गुण युरोपला फार पूर्वीच उमगला होता. १२व्या शतकातील जर्मन मठाधिपती हिल्डेगार्ड फॉन बिंगेन हिने वनस्पतींवरील लेखनात हॉपचा कडवटपणा पेयांना नासण्यापासून वाचवतो, अशी नोंद केली आहे. तोवर अनेक भागांत बिअरमध्ये रानटी औषधी वनस्पतींचे मिश्रण घालत. ती बिअर गावातच, लवकर प्यावी लागे. हॉप्सची बिअर मात्र पिंपात भरून दूरच्या बंदरी पाठवता येई. बिअर घरगुती पेयाची व्यापारी माल झाली, ती या फुलोऱ्यामुळे.

५/१८
या व्यापाराच्या वाटेवर आइनबेक हे छोटे शहर होते. आजच्या जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्यात ते आहे. १४व्या शतकात ते हान्से या व्यापारी नगरसंघात सामील झाले आणि त्याची बिअर उत्तरेच्या बाजारपेठांत पोहोचू लागली. २८ एप्रिल १३७८ रोजीची एक पावती प्रसिद्ध आहे : आइनबेकच्या बिअरची दोन पिंपे त्सेले या गावी विकल्याची. बॉकच्या चरित्राची सुरुवात एखाद्या राजाज्ञेने होत नाही. विक्रीच्या एका साध्या नोंदीने होते.

६/१८
आइनबेकची पद्धतही न्यारी होती. बिअर बनवण्याचा हक्क शहरातील अनेक नागरिकांच्या घरांना होता, पण ती उकळण्याची मोठी कढई नगराच्या मालकीची. ज्याची पाळी येई त्याच्या दारी ती कढई नेली जाई आणि नगराने नेमलेला जाणकार काम पाहत असे. कढई आत जावी म्हणून घरांना उंच कमानी दरवाजे ठेवत. तसे दरवाजे तेथे आजही दिसतात. घर कोणाचेही असो, माल शहराच्या नावाने विकला जाणार. तेव्हा गुणवत्ता हा साऱ्या नगराच्या अब्रूचा प्रश्न होता.

७/१८
ही बिअर जव आणि गहू यांच्या फिकट माल्टची होती. आंबवण्याची पद्धत उबेतली, यीस्ट वर तरंगणारे. आणि ती दूर जायची असल्याने तिच्या सोबतीला दोन रखवालदार असत : भरपूर मद्यार्क आणि भरपूर हॉप्स. आठवडेच्या आठवडे गाडीत व जहाजात हिंदकळूनही पिंप उघडल्यावर बिअर शाबूत निघे. म्हणजे ज्या बिअरपासून बॉक जन्मली ती कडक होती, फिकट होती आणि तिच्यात हॉप्स हात राखून घातलेले नव्हते. आरंभीच्या पेल्यातील त्या ‘चुकीच्या’ वासाचे मूळ येथे आहे.

८/१८
आइनबेकचे नाव किती मोठे झाले होते, याची साक्ष एक परंपरागत हकीकत देते. १५२१ मध्ये वर्म्स येथील साम्राज्यसभेपुढे मार्टिन ल्यूथरला आपल्या लेखनाचा जाब द्यावा लागला. त्या प्रसंगी ब्रुन्सविक घराण्यातील ड्यूक एरिक याने त्याला आइनबेकच्या बिअरचे एक पात्र पाठवले, असे सांगतात. युरोपचा धर्म दुभंगण्याच्या त्या क्षणी भेट म्हणून द्यायला सरदाराला हीच बिअर योग्य वाटावी, यातच तिची प्रतिष्ठा कळते.

९/१८
त्या काळी बिअरची परीक्षा कोण करी? जर्मन नगरांत आणि इंग्लंडातही त्यासाठी चाखणारे अधिकारी नेमत. परीक्षक बाकावर बिअर ओतून, चामडी विजार घालून तीवर बसत आणि विजार चिकटली तर बिअर पास, ही गोष्ट आजही रंगवून सांगितली जाते. अभ्यासक ती आख्यायिकाच मानतात. खऱ्या अधिकाऱ्याचे प्रश्न साधे असत : बिअर नासकी तर नाही? पातळ करून विकली तर नाही? माप आणि भाव रास्त आहे ना? परीक्षा प्रामाणिकपणाची होती. ‘ही अमुक प्रकारात बसते का’, हा प्रश्न अजून जन्मलाच नव्हता.

१०/१८
आता वाट दक्षिणेकडे वळते. चारशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या ड्यूकच्या दरबाराला आइनबेकच्या बिअरची चटक लागली होती. पण दूरची बिअर म्हणजे तिजोरीला भोक. १५८९ मध्ये ड्यूक विल्हेल्म पाचवा याने दरबाराची स्वतःची ब्रुअरी, होफब्रॉयहाउस, स्थापण्याचे ठरवले. तरी आइनबेकची सर येईना. अखेर त्याचा मुलगा माक्सिमिलियान याच्या कारकिर्दीत, १६१४ च्या सुमारास, एलियास पिखलर या आइनबेकच्या ब्रुअरलाच म्युनिकला आणले गेले. माल आणण्याऐवजी कारागीर आणला.

११/१८
कारागिराबरोबर नाव आले आणि नव्या मातीत ते बदलले. ‘आइनबेकची’ याचा बव्हेरियन उच्चार ‘आइनपॉकिश’ असा होई. लोकांच्या तोंडी त्याचे ‘आइन बॉक’ झाले. जर्मन भाषेत याचा अर्थ ‘एक बोकड’! गावाचे नाव विरले आणि बाटलीवर बोकड चढला. पेयाच्या जोरामुळे, बोकडाच्या धडकेवरून हे नाव पडले, अशा कथा नंतर रचल्या गेल्या. नावाचा उगम विसरला की लोक त्याला नवी गोष्ट देतात, हा नियम जगभर दिसतो.

१२/१८
नावापेक्षा मोठा बदल चवीत झाला. १५५३ च्या आदेशाने बव्हेरियात बिअर बनवण्याची मुभा २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढीच होती. थंडीत, तळघरात, सावकाश आंबणारी आणि महिनोन्‌महिने मुरणारी लागर तेथे रुजली होती. शिवाय म्युनिकच्या पाण्यात कार्बोनेटचे क्षार भरपूर. अशा पाण्यात हॉप्सचा कडवटपणा खरखरीत लागतो, तर गडद माल्टची आम्लता त्या क्षारांना तोलून धरते. पाणी, हवामान आणि तळघर यांनी मिळून आइनबेकच्या पाहुणीला गडद, गोडसर आणि मऊ बनवले.

१३/१८
म्युनिकच्याच पाउलानर मठातील भिक्षूंनी या वाटेवर आणखी पुढचा टप्पा गाठला. ईस्टरपूर्वीच्या उपवासात अन्न वर्ज्य असले तरी पेय चाले. म्हणून त्यांची बिअर दाट आणि पोटाला आधार देणारी असे. ‘पातळ पाव’ हे तिचे लौकिक वर्णन. ती ‘साल्वाटोर’ म्हणजे तारणहार या नावाने गाजली. पुढे या दाट प्रकाराला ‘डोपेलबॉक’, दुप्पट बॉक, म्हणू लागले. या जातीच्या अनेक बिअरांची नावे आजही ‘आटोर’ने संपतात, ती या पूर्वजाच्या मानासाठी.

१४/१८
इकडे मूळ गावावर मात्र संकटे कोसळली. १५४० च्या भीषण आगीत आइनबेक जवळपास बेचिराख झाले. १५४९ मध्ये पुन्हा आग लागली. हान्सेचा व्यापार उतरणीला लागला आणि १७व्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धाने उत्तर जर्मनी पिळवटून काढली. आइनबेकमध्ये बिअर बनणे थांबले नाही, पण तिचा दबदबा ओसरला. जगाने बॉकची चव शिकली ती म्युनिककडून. जो वारस टिकतो त्याचाच चेहरा पूर्वजाचा चेहरा समजला जातो, तसे झाले.

१५/१८
आणि मग याद्यांचे युग आले. १९७७ मध्ये इंग्लिश लेखक मायकल जॅक्सन (गायक नव्हे!) याने जगातील बिअरांचा परिचय प्रकारवार मांडला. १९८५ मध्ये अमेरिकेत बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी बीजेसीपी ही व्यवस्था सुरू झाली. तिची गुणपत्रिका ५० गुणांची : गंध १२, रूप ३, चव २०, तोंडातील भरीवपणा ५ आणि एकूण छाप १०. प्रत्येक प्रकारासाठी कडवटपणाच्या मर्यादाही ठरल्या. गडद बॉकसाठी २० ते २७ एकके, फिकट बॉकसाठी २३ ते ३५.

१६/१८
ही परीक्षा पोरखेळ नाही. वास आधी घेतात, कारण तो सर्वांत आधी उडतो. घोट गिळतात, कारण कडवटपणाचा खरा निवाडा गिळल्यानंतर जिभेच्या मागे होतो. लोण्याचा वास आला तर आंबवण्यात घाई झाली असावी. उकडलेल्या मक्याचा आला तर उकळणे कमी पडले असावे. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर हवा लागून बिअर शिळी झाली. हे दोष कोणत्याही शतकात दोषच. नुसता आकडाही पुरत नाही : ३० एककांचा कडवटपणा पातळ बिअरमध्ये बोचतो, दाट बॉकमध्ये विरघळतो. पाडव्याच्या कडुनिंबाला गूळ किती, यावर घास कसा लागेल हे ठरते, तसेच हे.

१७/१८
२००७ मध्ये या चौकटीला एक सुंदर पेच पडला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीचे गॅरेट ऑलिव्हर आणि बव्हेरियातील श्नायडर ब्रुअरीचे हान्स-पीटर ड्रेक्सलर यांनी मिळून गव्हाची बॉक बनवली आणि तिला हॉप्सने भरघोस सुगंधित केले. हॉप्स न उकळता थंड बिअरमध्ये मुरवल्याने त्यांचा वास टिकला. केल्हाइममध्ये बनलेल्या बिअरला जर्मन झाफिर हॉप्स, ब्रुकलिनच्या बिअरला अमेरिकी. प्रचलित वर्गवारीत ही ‘हॉप्स जास्त’ म्हणून गुण गमावणारी बिअर. पण गहू, उबेत आंबवणे, भरपूर हॉप्स आणि कडकपणा ही चार लक्षणे पुन्हा मोजली तर समोर कोण उभे राहते? १४व्या शतकातील आइनबेक.

१८/१८
म्हणून हॉप्सची नवी बॉक हीच ‘अस्सल’ आणि म्युनिकची खोटी, असा उलटा निवाडा मात्र करू नये. आइनबेकच्या नागरिकाने हॉप्स घातले ते बिअर टिकावी म्हणून, संत्र्याचा वास यावा म्हणून नव्हे. आणि म्युनिकच्या तळघराने घडवलेली चव चार शतकांच्या कष्टाची आहे. परीक्षकाला मापदंड लागतोच. तो नसेल तर स्पर्धेत फक्त आवडनिवड उरेल. पण तो मापदंड म्हणजे एका लांब प्रवासातले एक ठिकाण आहे, प्रवासाचा उगम नव्हे. ‘ही आजच्या व्याख्येतील बॉक नव्हे’ हे वाक्य खरे आहे. ‘ही बॉक नव्हे’ हे वाक्य आइनबेकच्या त्या उंच कमानीखाली टिकणार नाही.