बागुलबुवा, जो जो आणि बाळगोळी : शिशुनिद्रेच्या इतिहासाची काही साधने

राजघराण्यांच्या इतिहासास ताम्रपट असतात, शिलालेख असतात. तान्ह्या मुलास निजविण्याच्या रीतींचा इतिहास असा कोठे कोरून ठेवलेला नाही. तथापि वैद्यकग्रंथ, शब्दकोश, स्त्रीगीते आणि सरकारी अहवाल यांत त्याची साधने विखुरलेली आहेत. नांदेड व लातूर या जिल्ह्यांचा प्रदेश या अभ्यासास विशेष सोयीचा होय. देगलूर, बिलोली, धर्माबाद या बाजूस मराठीला तेलुगू भिडते. उदगीर, निलंगा या बाजूस कन्नड. आणि १९४८ पर्यंतच्या हैदराबाद संस्थानामुळे दखनी व उर्दू यांचा शेजार तर घरोघरचा. या साधनांवरून एक गोष्ट ध्यानात येते. मूल कसे निजवावे, हे लोकांना काय ठाऊक होते यावरून जितके ठरले, त्याहून अधिक ते आईच्या हाती किती वेळ होता यावरून ठरले.

प्रथम ज्ञानाचा विचार करू. सुश्रुतसंहितेत नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यांपैकी पूतनेने पछाडलेले मूल दिवसा सुखाने निजते, रात्री मात्र निजत नाही, असे तिचे एक लक्षण दिले आहे. नवजात अर्भकास दिवस व रात्र यांचा भेद कळत नाही, तो पहिल्या काही महिन्यांत हळूहळू रुळतो, असे आजचे बालवैद्यक सांगते. ग्रंथकारांचे कारण आज टिकत नाही; निरीक्षण मात्र अचूक आहे. उपदेशाच्या बाबतीत तर ते अधिकच जवळचे वाटतात. निजलेल्या बालकास एकाएकी जागे करू नये, त्याला दरडावू नये, असे सुश्रुत सांगतो. चरकसंहितेचे शारीरस्थान याही पुढे जाते. मूल रडत असेल, जेवत नसेल वा ऐकत नसेल, तरी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. खेळणीदेखील भय उपजविणारी नसावीत, असा दंडक आहे.

निषेध ज्या गोष्टीचा करावा लागतो, ती गोष्ट प्रचारात असते. तिचा पुरावा भाषेत सापडतो. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत ‘बागूल’ हा मुलांना भिवविण्यासाठी कल्पिलेला जीव म्हणून नोंदलेला आहे. तेलुगूत त्याचे काम ‘बूची’ करतो, कन्नडात ‘गुम्म’. पुरंदरदासांच्या नावावर रूढ असलेल्या एका कन्नड पदात बाळकृष्ण स्वतःच यशोदेला विनवितो की, गुम्माला बोलावू नकोस. सीमा ओलांडताच भयाचे नाव पालटते. ते घालण्याची रीत तीच राहते.

सांत्वनाच्या शब्दांचे वर्तन याहून निराळे आहे. मराठी पाळण्यातील ‘जो जो’ तेलुगूत अन्नमाचार्यांच्या नावावरील प्रसिद्ध अंगाईत आढळतो. कन्नडातही तोच ध्वनी असून तेथे अंगाईस ‘जोगुळ’ म्हणतात. हा शब्द कोणी कोणाकडून घेतला, हा प्रश्न येथे गौण ठरतो. डॉ. अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये मराठी बालबोलीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी मराठीसह सहा भाषांतील बालबोलींची तुलना केली. साधी अक्षरे, द्विरुक्ती, आणि मुलांनी न घडविता मोठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली रूढी, ही तिची लक्षणे त्यातून पुढे आली. ‘जो जो’, ‘गाई गाई’ ही याच जातीची रूपे होत. विजापूरच्या सूफी परंपरेत दखनीतील चक्कीनाम्यांच्या जोडीला लोरीनामेही रचले गेले, हे रिचर्ड ईटन यांनी दाखविले आहे. जाते आणि पाळणा यांची ही जोडी अर्थपूर्ण आहे. गाणे एक, हात दोन आणि कामेही दोन.

जेथे हात मोकळा राहिलाच नाही, तेथे काय झाले, हे पाहण्यासाठी मराठवाड्याबाहेर, परंतु मराठी श्रमिकांच्याच मुंबईत जावे लागते. गिरणीत जाणाऱ्या स्त्रिया मुलास अफूची ‘बाळगोळी’ देत. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स यांच्या पाहणीत कामकरी स्त्रियांच्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव अर्भकांस अफू दिली जात असल्याचे नमूद झाले. या आकड्यास अज्ञान म्हणून बाजूस सारता येत नाही. गिरणीच्या भोंग्यापुढे अंगाई अपुरी पडत होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर आवश्यक केले. १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आली. वैद्यकीय सल्ल्याविना होणारी अफूची विक्री १९५९ मध्ये थांबविण्यात आली. गोळीवर बंदी आणि पाळणाघर, या दोन्ही उपायांची गरज मान्य झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शेतमजूर स्त्री मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. लातूर-नांदेडच्या शिवारात खुरपणीस वा कापूसवेचणीस जाणारी आई बांधावरच्या लिंबाला लुगड्याची झोळी बांधते आणि थोरल्या मुलीच्या हाती दोरी देते. मूल निजते; पण त्यासाठी दुसऱ्या एका मुलीचे बालपण, पुष्कळदा तिची शाळाही, खर्ची पडते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडीने आहार व लसीकरण यांचे मोठे कार्य केले. परंतु तिचे शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. झोळीतल्या मुलाचा प्रश्न त्याहून लहान वयाचा.

यावरून ‘अडाणी आई’ हे स्पष्टीकरण इतिहासास पुरेसे नाही, असे म्हणावे लागते. भिववू नये, हे चरकाच्या काळापासून ठाऊक होते. निजविण्याची गोड रीतही तिन्ही भाषांतील स्त्रियांस अवगत होती. उणीव होती ती सवडीची, किंवा आईऐवजी मुलाजवळ बसणाऱ्या मोठ्या माणसाची. बालसंगोपनाच्या सुधारणेचा इतिहास लिहिताना उपदेशाच्या पुस्तकांबरोबर स्त्रीच्या कामाचे तासही मोजले जाणे अगत्याचे आहे.