पदभ्रमण व रानमुक्काम : मुडबी परिसर

बीदर व कलबुर्गी (जुने गुलबर्गा) या जिल्ह्यांच्या सीमेवरील कोरडवाहू पठारावर पायी हिंडण्याची व उघड्यावर वस्ती करण्याची रीत. मुडबी हे बसवकल्याण तालुक्यातील (जि. बीदर, कर्नाटक) गाव व होबळीचे (तालुक्यातील महसुली विभागाचे) ठिकाण. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता. भाषावार पुनर्रचनेत तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. येथे कन्नड, मराठी, दखनी उर्दू व लमाणी या भाषा बोलल्या जातात.

भूरचना व हवामान : हा मुलूख वाळवंट नाही, निमकोरडे पठार आहे. सह्याद्रीसारखे उंच कडे व घाटवाटा येथे नाहीत. खाली काळा बेसाल्ट, त्यावर काळी कसदार माती; बीदरच्या पठारावर जांभ्याचा जाड थर. बसवकल्याण तालुक्यातून गोदावरी व कृष्णा यांचा जलविभाजक जातो. उत्तरेचे पाणी कारंजा-मांजरेतून गोदावरीला, तर दक्षिणेचे मुळामारी, कागिणा व भीमा या नद्यांतून कृष्णेला मिळते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंश से.च्या वर जातो. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते व पाणंदी चालण्याजोग्या राहत नाहीत. उन्हाळ्यात तिलाच रुंद भेगा पडतात.

पाणी व वाट : येथे चढापेक्षा पाणी व सावली यांवर चालीचा बेत ठरतो. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पावसाचे पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. बीदरचे पापनाश, गुरु नानक झिरा व नरसिंह झरणी ही तीर्थे अशाच पाण्यावर वसली. नरसिंह झरणीत भाविक गुहेतील छातीएवढ्या पाण्यातून चालत देवापर्यंत जातात. बहमनी काळात याच भूजलासाठी बीदरला इराणी पद्धतीचे करेझ, म्हणजे उभ्या विवरांनी जोडलेले भुयारी कालवे, खोदण्यात आले. दख्खनच्या पठारावरील या जुन्या जलव्यवस्थांचा समावेश वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या २०२० च्या निरीक्षण-यादीत झाला.

चालण्याची परंपरा : हौशी गिर्यारोहणापेक्षा येथे पदयात्रा जुनी. कोजागरीच्या सुमारास बीदर-कलबुर्गीकडील भाविक तुळजापूरला भवानीच्या दर्शनासाठी चालत जातात. त्यांतील बरेच जण अनवाणी असतात. वाटेवरच्या गावांत त्यांच्या फराळाची व विसाव्याची सोय केली जाते. भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूर व हुमनाबादजवळील माणिकनगर हीही यात्रेची ठिकाणे आहेत. रानमुक्कामाचे खरे जाणकार मात्र मेंढपाळ धनगर. पिके निघाल्यावर ते रिकाम्या रानात मेंढ्या बसवतात. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. शिदोरीला कडक भाकरी व शेंगाचटणी असते. पूर्ण वाळवलेली ही भाकरी अनेक दिवस टिकते, म्हणून लांबच्या चालीत सोयीची.

पाहण्याजोगी ठिकाणे : बसवकल्याण ही अकराव्या शतकाच्या मध्यापासून कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती; बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरण चळवळीचे ते केंद्र बनले. तेथील किल्ला, नारायणपूरचे शिवमंदिर व हुमनाबाद तालुक्यातील जलसंगी येथील शिल्पसमृद्ध चालुक्यकालीन मंदिर पायी पाहता येते. वनभ्रमणासाठी कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळी अभयारण्य महत्त्वाचे. २०११ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सु. १३५ चौ. किमी. आहे. त्यात शुष्क पानझडी जंगल, लमाण तांडे व चंद्रमपळ्ळी जलाशय असून तरस, लांडगा, खोकड, काळवीट व चौशिंगा आढळतात.

खबरदारी : अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील ग्रँड कॅन्यनमध्ये उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत चालू नये, असे तेथील उद्यान प्रशासन सांगते. मुडबीकडचा शेतकरीही उन्हाळ्यात सकाळीच कामे उरकून दुपारी झाडाखाली बसतो. पाणी पुरेसे सोबत घ्यावे. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू ठोकू नये, कारण वरच्या भागात वळीव कोसळल्यास लोंढा अचानक येतो. उभ्या तुरीतून किंवा ज्वारीतून वाट काढू नये. रानात मुक्कामासाठी शेतमालकाची, तर अभयारण्यात प्रवेश व मुक्काम दोन्हींसाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. चालण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य.