अठ्ठावीस स्तंभांचे घर

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात जिल्ह्याला जिल्हा म्हणत नाहीत, 'पॅरिश' म्हणतात. फ्रेंच आणि स्पॅनिश अमदानीत ख्रिस्तसभेने आखलेल्या धर्मग्रामांच्या आधारे १८०७ साली तेथील मुलकी विभाग पाडण्यात आले आणि ते नाव आजतागायत टिकून राहिले. मिसिसिपी नदीच्या काठी, न्यू ऑर्लिन्स शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या अशाच एका विभागाचे नाव आहे सेंट जेम्स, म्हणजे आपल्या भाषेत संत याकोबाचा धर्मग्राम. येथील व्हॅशेरी गावाजवळ नदीकडे तोंड करून एक वाडा उभा आहे. छायाचित्रांतून आणि चित्रपटांतून तो जगभर पोहोचला आहे. त्याचे नाव 'ओक अ‍ॅली', ओक वृक्षांची वीथी.

वाड्यापेक्षा ही झाडे जुनी. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोणा फ्रेंच वसाहतकाराने ती लावली असे मानतात. त्याचे नाव इतिहासाने जपलेले नाही. चौदा-चौदा वृक्षांच्या दोन रांगा नदीपासून सुमारे आठशे फूट आत येतात आणि वर त्यांच्या फांद्यांची कमान होते. १८३६ साली ही जमीन झाक तेलेस्फोर रोमाँ या श्रीमंत ऊसमळेवाल्याकडे आली. रोमाँ घराणे फ्रेंच वंशाचे, कॅथॉलिक आणि वजनदार. झाकचा भाऊ आंद्रे दोनदा लुइझियानाचा गव्हर्नर झाला. १८३७ साली बांधकामास आरंभ झाला व १८३९ साली वाडा पूर्ण झाला. मालकांनी त्याचे नाव 'बाँ सेझूर', म्हणजे 'सुखाचा मुक्काम' असे ठेवले. पण नदीतून ये-जा करणाऱ्या आगबोटींवरील प्रवाशांनी झाडांवरून दिलेले नावच पुढे रूढ झाले.

रचनेच्या दृष्टीने हा वाडा पाहण्यासारखा आहे यात शंका नाही. सुमारे सत्तर फुटांचा चौरस, दोन मजले, आणि चारही बाजूंना तेरा फूट रुंदीची ओसरी. तिच्या कडेने जमिनीपासून थेट छपरापर्यंत गेलेले अठ्ठावीस स्तंभ आहेत. समोर झाडेही अठ्ठावीसच! ग्रीक मंदिरांच्या धर्तीवर घरे बांधण्याची त्या काळी अमेरिकेत लाटच आली होती. मात्र येथे केवळ मिरवणे नव्हते. लुइझियानाचा उन्हाळा दमट आणि असह्य. सोळा इंच जाडीच्या भिंती, उंच छत, समोरासमोर ठेवलेली दारे-खिडक्या आणि भिंतींवर ऊन पडू न देणारी ओसरी यांमुळे नदीवरचा वारा घरातून आरपार वाहतो. आपल्याकडील जुन्या घरांत बसलेल्या माणसाला ही युक्ती निराळी समजावून सांगावी लागणार नाही. या परगण्यातील श्रीमंत घरांत जेवणाच्या मेजावर लाकडी पंखा टांगलेला असे व एखादे गुलाम मूल कोपऱ्यात उभे राहून त्याची दोरी ओढी. त्या पंख्याला इंग्रजीत 'पंखा' असेच म्हणत. शब्द हिंदुस्थानातून इंग्रजांबरोबर तेथवर गेलेला!

स्तंभ दिसायला दगडी, पण आतून विटांचे, वरून गिलावा केलेले. विटा याच मळ्यावर मातीच्या घडवल्या गेल्या. त्या घडवणारे, भाजणारे आणि वाहणारे हात गुलामांचे होते. त्याच हातांना शरद ऋतू उजाडला की ऊसतोडणीस जावे लागे. तेथे हिवाळ्यात दहिवर पडते व उभा ऊस नासतो. म्हणून ऑक्टोबरपासून रात्रंदिवस गाळप चाले आणि उकळत्या कढयांपाशी पाळ्या लागत. सुखाच्या मुक्कामाचा सारा खर्च त्या रसातून निघत असे.

या माणसांपैकी एकाची थोडी ओळख आपल्याला पटते. त्याचे नाव आंत्वान. तो मळ्यावरचा माळी. पेकन नावाचे अक्रोडाच्या कुळातील एक फळ तेथे होते; त्याच्या एका उत्तम झाडाच्या फांद्या शेजारच्या एका डॉक्टराने आणून दिल्या. स्वतः डॉक्टराला कलम साधले नव्हते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात आंत्वानने सोळा झाडांवर यशस्वी कलमे बांधली. पातळ सालीचे, चवदार असे ते फळ १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात गौरवले गेले आणि त्या जातीला 'सेंटेनियल' असे नाव पडले. पेकनची नाव मिळालेली ही पहिली कलमी जात. आज अमेरिकेत पेकनचा मोठा व्यापार चालतो, त्याच्या मुळाशी या माळ्याचा चाकू आहे. १८४८ साली झाक रोमाँ क्षयाने वारला तेव्हा मालमत्तेची यादी झाली. तीत गुरे-घोडे आणि अवजारे यांच्याबरोबर आंत्वानही आहे: वय अडतीस, माळी, पेकनची कलमे बांधण्यात निष्णात, किंमत एक हजार डॉलर.

येथे कॅथॉलिक वाचकाला थबकावे लागते. १७२४ साली फ्रेंच राजसत्तेने लुइझियानासाठी गुलामांविषयी जो कायदा केला, त्याने मालकांवर बंधन घातले होते की गुलामांना कॅथॉलिक श्रद्धेची शिकवण द्यावी, स्नानसंस्कार द्यावा आणि रविवारी त्यांना कामास लावू नये. १८०३ साली अमेरिकेने हा प्रदेश विकत घेतल्यावर कायदा गेला, पण स्नानसंस्काराची चाल अनेक ठिकाणी राहिली. म्हणजे एकाच पवित्र जलाने मालकही न्हाला आणि गुलामही. आणि नंतर एकाची गणना दुसऱ्याच्या मालमत्तेत झाली. वाडा पुरा झाला त्याच वर्षी, ३ डिसेंबर १८३९ रोजी, सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा कठोर शब्दांत निषेध करणारे पत्र काढले. अमेरिकेतील धर्माध्यक्षांपैकी काहींनी त्याचा अर्थ असा लावला की निषेध केवळ समुद्रापारच्या व्यापाराचा आहे, घरच्या गुलामगिरीचा नव्हे. त्याआधी एकच वर्ष, १८३८ साली, मेरीलँडमधील येशूसंघीयांनी जॉर्जटाउन महाविद्यालयाची कर्जे फेडण्यासाठी २७२ गुलाम लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकले होते. काहींची रवानगी सेंट जेम्सला लागून असलेल्या असेन्शन पॅरिशमध्ये झाली. कुटुंबे तोडू नयेत अशी रोमहून घातलेली अट पुरती पाळली गेली नाही. येशूसंघाने याबद्दल २०१७ साली वंशजांसमोर क्षमा मागितली. या पूर्वजांचा माग काढताना वंशजांच्या कामी आल्या त्या धर्मग्रामांच्या जुन्या नोंदवह्या. त्यांत मालकाचे नाव असते, तसे स्नानसंस्कार घेतलेल्या बालकाचेही असते.

वाड्याची पुढची कथा थोडक्यात सांगता येते. झाकच्या विधवेला, सेलीनाला, न्यू ऑर्लिन्सचे शहरी जीवन प्रिय. तिच्या उधळपट्टीने मळा कर्जात बुडाला. यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली आणि १८६६ साली लिलावात ३२,८०० डॉलरना सारे विकले गेले. पुढचे मालकही टिकले नाहीत. १९२५ साली स्ट्यूअर्ट दांपत्याने पडझड झालेला वाडा घेऊन वास्तुशिल्पी रिचर्ड कोक यांच्याकरवी तो सावरला. १९७२ साली श्रीमती स्ट्यूअर्ट निवर्तल्या. त्यांनी नेमलेल्या न्यासाकडे आज तो आहे.

पुष्कळ वर्षे येथे येणाऱ्या पाहुण्यांना झाडांच्या आणि झुळझुळीत झग्यांच्याच गोष्टी सांगितल्या जात. २०१३ साली मात्र वाड्याच्या मागे गुलामांच्या खोपटांची पुनर्रचना करण्यात आली. एका खोपटाच्या भिंतीवर या मळ्यावर राबलेल्या, कागदपत्रांत सापडलेल्या दोनशेहून अधिक जणांची नावे कोरली आहेत. बहुतेकांना आडनाव नाही. आंत्वानची कलमी झाडे तर ऊस लावण्यासाठी केव्हाच तोडली गेली. पुढे दिसणारे स्तंभ कोणी कोणी उभे केले, हे त्या नावांवरूनही सांगता येत नाही.