व्यापार करार पाळले जातात का, हे कोण बघणार? अमेरिकी संसदेच्या वेगळ्या कार्यालयाची कल्पना काय आहे?

अमेरिकेत आयातशुल्क म्हटलं की राष्ट्राध्यक्षांचं नाव पुढे येतं. राज्यघटनेनं मात्र परदेशी व्यापाराचं नियमन आणि शुल्क आकारणीचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिलाय. मग व्यापार करारांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला संसदेचं स्वतःचं कार्यालय का नाही?

सध्या हे काम कोण करतं?

अमेरिकी व्यापार प्रतिनिधीचं कार्यालय, म्हणजेच यूएसटीआर. या पदाची मुळं १९६२च्या कायद्यात आहेत. १९७४च्या कायद्यातल्या कलम ३०१नुसार ते इतर देशांच्या अन्यायकारक व्यापार धोरणांची चौकशी करून प्रतिकारवाई करू शकतं. पण ते राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीत येतं. करार करणारं आणि तो मोडल्यावर कारवाई करायची की नाही हे ठरवणारं कार्यालय एकच!

प्रस्ताव काय होता?

अर्थसंकल्पाच्या आकड्यांसाठी राष्ट्राध्यक्षांवर अवलंबून राहावं लागू नये, म्हणून संसदेनं १९७४मध्ये स्वतःचं अर्थसंकल्प कार्यालय कायद्यानं उभं केलं. त्याच धर्तीवर 'काँग्रेशनल ट्रेड ऑफिस' असावं, असं विधेयक सिनेटर मॅक्स बॉकस यांनी २०००मध्ये मांडलं. ते प्रत्यक्षात आलं नाही. २०१२मध्ये बराक ओबामा यांनी अंमलबजावणी केंद्र स्थापन केलं, पण तेही यूएसटीआरमध्येच.

अडचण कुठे?

संसदेचं कार्यालय नजर ठेवू शकतं, अहवाल देऊ शकतं. स्वतः कारवाई करू शकत नाही. संसद ज्याला पदावरून हटवू शकते, अशा अधिकाऱ्याकडे कायद्याच्या अंमलबजावणीचे अधिकार देता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८६मध्ये 'बाउशर विरुद्ध सायनर' खटल्यात स्पष्ट केलं.

भारताचा काय संबंध?

संसदेचा दबाव भारतानं अनुभवलाय. तिनं १९८८मध्ये केलेल्या 'सुपर ३०१' तरतुदीखाली १९८९मध्ये जपान आणि ब्राझीलसोबत भारताचंही नाव यादीत आलं. पुढे भारतावर प्रतिकारवाई झाली नाही.

याउलट ऑगस्ट २०२५मध्ये भारताच्या अनेक वस्तूंवर ५० टक्के शुल्क लागलं, ते राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं. संसदेत मतदान न होता. त्याची झळ अमेरिकेला दागिने पाठवणाऱ्या मुंबईतल्या सीप्झलाही बसली.

म्हणजे असं कार्यालय दुधारी ठरेल. ते भारतावर कारवाईची मागणी रेटू शकतं, तसंच राष्ट्राध्यक्षांच्या शुल्काचा हिशेबही मागू शकतं.