उकळता हेलियम अचानक शांत का होतो? इंदूरच्या आरआरकॅटमधला दोन केल्विनचा मामला

इंदूर : सुखनिवास भागातल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात (जुने इंदूरकर आजही नुसतं ‘कॅट’ म्हणतात) नायोबियम धातूच्या कॅव्हिटी द्रव हेलियममध्ये बुडवून तपासल्या जातात. कॅव्हिटी म्हणजे त्वरकात कणांना वेग देणारे पोकळ डबे. अमेरिकेतल्या फर्मीलॅबसोबतच्या सहकार्यात इथे ६५० मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटी तयार झाल्या आहेत. चाचणीत हेलियम खळबळतो की शांत राहतो, याला फार महत्त्व असतं.

नेहमीच्या दाबाला हेलियम ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंशांना उकळतो. नायोबियम ९.२ केल्विनखालीच अतिवाहक होतो, मग आणखी थंड कशाला? कारण २ केल्विनला त्यात वाया जाणारी उष्णता खूप घटते. आणि उष्णता इथे महागात पडते : १ वॅट उष्णता तासाला सुमारे १.४ लिटर द्रव हेलियम उडवते, शिवाय भारतात हेलियम बाहेरून आणावा लागतो.

थंड करायची युक्ती माठाचीच. पंपाने वाफ ओढत राहायची; द्रव भराभर उडतो आणि उडताना उरलेल्या द्रवाची उष्णता घेऊन जातो. दाब वातावरणाच्या साधारण तिसाव्या हिश्शावर आला की २ केल्विन गाठलं जातं. एवढ्यात एक तृतीयांशाहून जास्त हेलियम वाफ झालेला असतो.

इतक्या वेगाने उडणारा साधा द्रव गप्प बसत नाही. केनेथ हिकमन यांनी १९५२ मध्येच नोंदवलं होतं की कमी दाबाखाली द्रवाच्या पृष्ठभागाचे काही भाग खवळलेले, तर काही सुस्त असतात. पुढे १९७६ मध्ये हार्वे पामर यांनी त्याचं गणित मांडलं. जिथे वाफ जास्त सुटते, तिथे सुटणारी वाफ बंदुकीच्या झटक्यासारखी द्रवाला मागे रेटते. खळगा पडतो, खालचा गरम द्रव वर येतो, वाफ आणखी वाढते. भर म्हणून पृष्ठताणातला फरक द्रवाला इकडून तिकडे ओढतो.

हेलियमही आधी असाच खदखदतो. पण २.१७ केल्विन ओलांडून तापमान खाली गेलं की बुडबुडे एकदम गायब! पंप चालूच, वाफही निघतेच, पण फक्त वरच्या पृष्ठभागावरून. या अतिप्रवाही अवस्थेत उष्णता इतक्या सहज वाहते की बुडबुडा धरायला द्रवात गरम जागाच उरत नाही.

कॅव्हिटीला नेमकं हेच हवं असतं. बुडबुड्यांनी दाब हलला की पातळ भिंती किंचित दबतात आणि वारंवारता सरकते. ती केसाच्या जाडीहून कमी हालचालही पकडते. अर्थात ही शांतता फुकट मिळत नाही. उष्णता फार वाढली तर अतिप्रवाही हेलियमही हात टेकतो. शिवाय हा द्रव अतिसूक्ष्म फटीतूनही निसटतो, ४.२ केल्विनला घट्ट वाटलेला जोड २ ला गळू शकतो, आणि तेव्हा सगळं पुन्हा गरम करून उघडावं लागतं.